नावेतलं डोहाळजेवण

“पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, विहीणबाई. तुमच्या पुण्यात हे माहीत नसेल तर मी सांगते.”

असं मी म्हणाले तेव्हा आम्ही दोघी चढणीच्या मध्यावर होतो. गद्रेबाई माझ्या पुढे होत्या. हातात दोन काठ्या, डोक्यावर पसरट गवती टोपी, नाकावर पांढरं मलम. त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

“माहेरी झालं तर माहेरचं,” त्या म्हणाल्या. “हे जर्मनीत व्हायचंय. माझ्या मुलाच्या घरी.”

“माझ्या मुलीच्याही घरी.”

“मी कुठे नाही म्हटलं?” आणि काठ्या टेकत त्या पुढे चालू लागल्या.

अशा बोलायच्या बाई. एक शब्द वर नाही की खाली नाही, आणि माणसाचं डोकं फिरून जायचं. मी कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर पीटी शिकवलेली बाई. मला राग आला की मी ओरडते, मोकळी होते. गद्रेबाई ओरडायच्या नाहीत. म्हणून तर जास्त राग यायचा.

माझी तेजल आणि त्यांचा निनाद, दोघं जर्मनीत नोकरीला. तेजलला आठवा लागत होता. त्यांचं घर दोन खोल्यांचं, त्यातली एक त्यांची स्वतःची. म्हणजे बाळंतपणाला एकच आजी राहू शकणार, हे उघड होतं. दोघींची परतीची तिकिटं महिनाअखेरची. एकीचं पुढे ढकलायचं आणि एकीने परत जायचं. कोणी राहायचं हे मुलं बोलत नव्हती आणि आम्ही दोघी दुसरं काही बोलत नव्हतो.

त्यात निनादने हे बेट काढलं. सिसिलीच्या जवळ कुठेतरी एक टीचभर बेट, सांता मेलिया नावाचं. त्याला अशी बेटं फिरायचं वेडच. गाड्या जवळजवळ नाहीतच, धक्क्याजवळ पांढऱ्या घरांचं एक गाव, एक कच्चा रस्ता, बाकी बेट पायवाटांचं. म्हणाला, “बाळ आलं की वर्षभर कुठे जाता येणार नाही. डॉक्टरांनी परवानगी दिलीय. चौघं जाऊ, समुद्र बघू, चालू, शांत राहू.” शांत राहू म्हणे!

खोटं कशाला बोलू, समुद्र बघण्यासारखा होता. तळाचा गोटा न् गोटा दिसावा इतकं स्वच्छ पाणी, लांबवर गर्द निळं. वाटेच्या दोन्ही बाजूंना घायपात, फड्या निवडुंग, बडीशेपेची वाळलेली झाडं. हात लागला की बोटांना वास. एरवी मी खूश झाले असते. पण समोर ती टोपी डुलत चालली होती आणि तिच्यापलीकडे मला काही दिसत नव्हतं.

भांडणाची खरी ठिणगी आदल्या संध्याकाळी पडली होती. मी कऱ्हाडहून येताना डोहाळजेवणाची हिरवी साडी आणली होती. नारळ, खण, डिंकाचे लाडू, सगळं आणलं होतं. आमच्याकडे नावेतलं डोहाळजेवण करतात. माझंही कृष्णेत नावेत बसवूनच केलं होतं माझ्या आईने. इथे तर सगळीकडे समुद्र आणि धक्क्यावर नावाच नावा. मी निनादला सांगून टाकलं, एक नाव ठरव. त्याने ठरवलीही, दुसऱ्या दिवशी दुपारनंतरची.

तर संध्याकाळी मी साडी काढून तेजलला दाखवतेय, तोवर गद्रेबाईंनी आपली बॅग उघडली. त्यांचीही हिरवी साडी! वर आणखी एक खोका. खोक्यात फुलांचे दागिने: मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, गजरा. सगळी कागदाची फुलं.

“लक्ष्मी रोडला सुंदर मिळतात,” गद्रेबाई म्हणाल्या. “सुकायची भीती नाही.”

“कागदी फुलं?” मी म्हणाले. “माझ्या लेकीला? तिचं पहिलं डोहाळजेवण, आणि कागद घालू अंगावर? फुलं काय मेली का जगातली?”

“इथे कुठून आणणार?”

“मी आणते. तुम्ही बघाच.”

तेजल पलंगावर बसली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे, आणि दोन्ही साड्या उचलून कपाटात ठेवल्या.  मला तेव्हाच वाटलं होतं, पोरीला सासूचा धाक आहे.

सकाळी निनाद म्हणाला, “तुम्ही दोघी दीपगृहाच्या बाजूला चालून या ना. सोपी वाट आहे. आम्ही इथली तयारी करतो.” मला फुलं शोधायची होती, म्हणून मी निघाले. गद्रेबाई का निघाल्या कोण जाणे. मला एकटीला काही मिळू नये म्हणूनच असणार.

निघाल्यापासून त्यांची मास्तरकी चालू झाली. बूट हे नकोत, घसराल. पाणी एकदम पिऊ नका, घोट घोट प्या. त्या झुडपाला हात लावू नका, चीक असतो. आता मी शाळेच्या मुलींना घेऊन सज्जनगड, अजिंक्यतारा कितीदा चढले याचा हिशेब नाही, आणि ही बँकेतल्या खुर्चीवर बसून निवृत्त झालेली बाई मला चालायला शिकवणार!

“गद्रेबाई,” मी म्हणाले, “पायाशी काही असलं ना, तर मला दिसतं. तुम्ही आता मला पावलोपावली शिकवू नका. एक अक्षर बोलू नका.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

चढण संपली आणि मी त्यांना मागे टाकून झपाझप खाली उतरले. खाली वाळूची एक लहानशी पुळण होती. तिच्या तोंडाशी लाकडी खांबावर पाटी होती. मी काही थांबले नाही. मागे वळून पाहिलं तर गद्रेबाई पाटीसमोर उभ्या राहून चष्मा पुसत होत्या. वाचू देत, म्हटलं, त्यांना नाहीतरी कागदच आवडतात.

आणि मग मला फुलं दिसली.

नुसत्या वाळूतून वर आलेली! ना पाणी ना माती. जाड हिरवे दांडे आणि प्रत्येक दांड्यावर चार-पाच पांढरी शुभ्र फुलं, आपल्या लिलीच्या जातीची, पण मोठी. आणि वास काय हो! समुद्राच्या वाऱ्यातही येत होता. मी वाकून एक फूल नाकाशी धरलं, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. देवानेच ठेवलीत म्हटलं माझ्या लेकीसाठी.

मी तोडायला सुरुवात केली. मुकुटाला वेगळी, बाजूबंदाला वेगळी, वेणीला कळ्या. गद्रेबाई येऊन एका खडकाच्या सावलीत बसल्या. टोपी काढून शेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, जिरली. पटलं बाईला. फुलं उन्हात मान टाकायला लागली तशी मी ती आणून सावलीत त्यांच्या टोपीत ठेवली. त्या त्यालाही काही म्हणाल्या नाहीत.

“कशी आहेत?” मी विचारलं.

“छान आहेत,” त्या म्हणाल्या.

टोपी शिगोशीग भरली तेव्हा वरच्या रस्त्यावर जीप थांबली. गणवेशातली एक बाई उतरून तरातरा खाली आली. वनखात्याची असावी. काळा चष्मा, कमरेला पट्टा, तोंडाने काय काय बोलत होती. मला वाटलं, हिला आमची चौकशी करायची असेल, दोन म्हाताऱ्या एकट्या कशा म्हणून. मी हसून नमस्कार केला. तिने टोपीकडे बोट दाखवलं, मग मोडलेल्या दांड्यांकडे, आणि मग तिचा आवाज चढला.

“काय झालं हिला?” मी गद्रेबाईंना विचारलं.

“ही फुलं तोडायला बंदी आहे,” गद्रेबाई म्हणाल्या. “संरक्षित आहेत. पाटीवर लिहिलंय. इंग्रजीतही लिहिलंय.”

“तुम्ही वाचलं होतं?”

“हो.”

“आणि बसून राहिलात?”

“तुम्हीच म्हणालात, एक अक्षर बोलू नका.”

मी आजवर बऱ्याच जणांवर चिडले असेन, पण त्या क्षणी जो राग आला तसा पुन्हा कधी आला नाही. ती बाई सावलीत आरामात बसून मला तासभर गुन्हा करताना बघत होती! छान आहेत म्हणाली!

जीपवालीने हात पुढे केला. “पासपोर्ट.” निनादने दोघींच्या गळ्यात पासपोर्टची पिशवी अडकवून दिली होती, त्यातले पासपोर्ट तिला दिले. गद्रेबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, “जिचं नाव यांच्याकडे चढेल, तिचं तिकीट पुढे ढकलणं विसरा. पुढचा व्हिसासुद्धा मिळायचा नाही.”

म्हणजे डाव असा होता तर. मी परत जाणार आणि ही राहणार. माझ्या लेकीला कळा यायला लागतील तेव्हा तिची पाठ चोळायला ही असणार, आणि मी कऱ्हाडात फोनकडे बघत बसणार.

“हू?” जीपवाली म्हणाली. “हू टेक?”

गद्रेबाईंनी काठी उचलली आणि माझ्याकडे दाखवली. “शी,” त्या म्हणाल्या. अगदी हळू, अगदी स्वच्छ.

“हॅट कुणाची?” मी ओरडले. “लुक! हॅट! हर हॅट! फ्लॉवर्स इन हर हॅट!”

“अहो, काय बोलताय तुम्ही?”

“खरं तेच बोलतेय. टोपी तुमची आहे की माझी?”

“तुम्ही ठेवलीत त्यात!”

“मला नाही आठवत.”

हे मी म्हणाले, आणि आजही म्हणेन. गद्रेबाईंनी पाटी लपवली, मी तोडणं लपवलं. कोण कमी, कोण जास्त?

जीपवालीने एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग ती टोपी फुलांसकट उचलली आणि आम्हाला जीपमध्ये बसायची खूण केली. मागच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी शेजारी. खड्ड्यात जीप उसळली की गद्रेबाईंचा खांदा माझ्यावर आपटायचा, आणि दर वेळी त्या “सॉरी” म्हणायच्या. मी खिडकीबाहेर समुद्र बघत होते. तो तसाच निळा होता मेला.

जीप धक्क्यावर थांबली. तिथे बघते तो काय, निनादने नाव सजवली होती. रंगीत पताका, शिडाच्या दोरीला झेंडूच्या रंगाचे कागदी गोंडे, आत गादी घातलेली. नाववाला म्हातारा खुशीत पायऱ्यांवर बसला होता. आणि तेजल धक्क्यावर उभी होती. अंगावर मी आणलेली हिरवी साडी. डोक्याला, दंडांना, कमरेला गद्रेबाईंचे कागदी दागिने. पोट पुढे आलेलं, चेहरा असा फुललेला की दृष्ट लागावी. आम्हाला बघून तिने हात हलवला. मग मागून उतरणारा गणवेश तिला दिसला, आणि हात तसाच राहिला.

“काय झालं?” निनाद धावत आला.

त्यावर दोघी एकदम बोललो. मी म्हणाले, तुझ्या आईने मला फसवलं. त्या म्हणाल्या, ह्यांनी संरक्षित फुलं तोडली आणि माझ्यावर ढकलली. मी म्हणाले, बाळंतपणाला स्वतःला राहायला मिळावं म्हणून हा सगळा कट. त्या म्हणाल्या, राहिले तर बिघडलं कुठे, निदान घरात आरडाओरडा होणार नाही. मी म्हणाले, तुमच्यासारख्या बाईच्या हातात माझी बाळंतीण दिली तर तिला वेळेवर पाणीही विचारणार नाही, बसून बघत राहाल! आइस्क्रीम खाणारे गोरे लोक थांबून बघायला लागले होते. बघेनात का! गद्रेबाईंचाही आवाज चढला. पहिल्यांदाच चढला. खरं सांगते, मला त्यात जरा बरंच वाटलं.

निनाद जीपवालीशी इंग्रजीत, मोडक्या इटालियनमध्ये बोलत होता. मग तो आमच्याकडे वळला. त्याचा चेहरा ओढलेला होता.

“ती म्हणते, तिने काहीही लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “लिहायचंही नाहीये. पासपोर्ट हे घ्या. हे झाड बी रुजल्यापासून फूल यायला कितीतरी वर्षं घेतं, म्हणून तिला वाईट वाटलं. ती म्हणते, ज्यांनी तोडली त्यांनी फक्त ‘मी तोडली’ एवढं म्हणावं. बास. तिला एवढंच हवंय.”

 खालच्या पायऱ्यांवर पाणी चुबुक चुबुक करत होतं.

मी गद्रेबाईंकडे बघितलं. मनात म्हटलं, आधी तू बोल, पाटी वाचलीस म्हणून. त्या माझ्याकडे बघत होत्या. कुणीच बोललं नाही.

तेजल पुढे आली. जीपवालीसमोर उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, “माझ्यासाठी तोडली. मला माफ करा.” जीपवालीने तिच्या पोटाकडे पाहिलं, काहीतरी मऊ आवाजात बोलली, गद्रेबाईंची टोपी रिकामी करून कठड्यावर ठेवली आणि फुलं घेऊन गेली.

मग तेजल आमच्याकडे वळली. रडत नव्हती. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं.

“आमच्या वर हेल्गा राहते,” ती म्हणाली. “म्हातारी आहे, एकटी आहे. तिची एक खोली रिकामी असते. आम्ही तिला विचारून ठेवलं होतं. ती आनंदाने हो म्हणाली.”

“कशाला?” मी विचारलं.

“तुम्ही दोघींनी राहावं म्हणून, आई. दोघींनीही. एक खाली, एक वर. पाळी बदलून. बाळाला दोन्ही आज्या पहिल्या दिवसापासून हव्यात असं आमचं ठरलं होतं. आज नावेत तुम्हाला सांगणार होतो. त्याच्यासाठीच तर इथे आणलं तुम्हाला.”

गद्रेबाई पुढे आल्या. “तेजल, अगं,” एवढंच म्हणाल्या.

“नाही,” तेजल म्हणाली. “आता नाही. तुमची दोघींची तिकिटं महिनाअखेरची आहेत, तशीच राहू देत. मला त्या वेळी घरात माणसं लागतील. हे असलं नाही लागणार.”

“तेजल, मी तुझी आई आहे गं!”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर एवढं थांबून सांगतेय.”

निनादने तिचा हात धरून तिला नावेत उतरवलं. मी पुढे झाले तर त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. रागाने नाही, पण हलवली. नाववाल्याने दोर सोडला. तो बिचारा आमच्याकडे बघून विचारत होता, ह्या येत नाहीत का? निनाद नाही म्हणाला. नाव निघाली. माझी साडी आणि त्यांचे दागिने घालून माझी लेक समुद्रात गेली आणि आम्ही दोघी धक्क्यावर उभ्या राहिलो. ओटीचा नारळ माझ्या खोलीत पिशवीतच होता.

महिनाअखेरीला आम्ही दोघी एकाच विमानाने परत आलो. जागाही शेजारशेजारच्या आल्या होत्या. जेवण आलं तेव्हा गद्रेबाईंनी आपल्या ताटातली दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मी ती परत सरकवली.

नोव्हेंबरात तेजलला मुलगी झाली. बाळंतपण सोपं गेलं म्हणे. हेल्गा दवाखान्यात तिच्याजवळ होती. हेल्गानेच तिला घरी आणलं, तिनेच सूप केलं, रात्री बाळ रडलं की तीच वरून खाली यायची. हे सगळं मला फोनवर कळलं. मी डिंकाचे लाडू पोस्टाने पाठवले. गद्रेबाईंनीही पाठवले. माझे आधी पोचले.

मला अजूनही वाटतं, त्यांनी पाटीवरचं मोठ्याने वाचलं असतं तर काहीच झालं नसतं. त्या म्हणत असतील, विहीणबाईंनी नुसतं विचारलं असतं तर काहीच झालं नसतं. म्हणोत.

नात आता नऊ वर्षांची आहे. दर दोन वर्षांनी येतात, थोडे दिवस पुण्यात, थोडे कऱ्हाडात. पोरगी गोड आहे, मराठी चुरूचुरू बोलते. यंदा आली तेव्हा मी तिला अंगणात लंगडी शिकवत होते. तिच्या आईच्या फोनवर हेल्गाचा व्हिडिओ कॉल आला, तशी ही लंगडी अर्धवट टाकून पळाली.

“कोण आहे गं?” मी विचारलं, उगीचच.

“आजी आहे!” ती म्हणाली, आणि फोन उराशी धरून आत गेली.

गद्रेबाईंना ती पुण्याची आजी म्हणते. मला कऱ्हाडची आजी म्हणते.